मोबाइलमधील चित्रणाची घरच्या घरी डीव्हीडी



शाळेचे स्नेहसंमेलन, बालसभा, गावातील एखाद्या वृद्धेने जात्यावर म्हटलेल्या ओव्या यांचे चित्रण आज शिक्षकाच्या मोबाइलवर सहज होते. परंतु मोबाइल बिघडला वा हरवला, की ते सारे क्षणात नाहीसे होते. ती वृद्धा पुढील वर्षी असेलच असे नाही. बालक तर पुन्हा त्या वयाचे होणारच नाही. म्हणून हे चित्रण जतन करणे, आणि ज्या घरी इंटरनेट नाही पण डीव्हीडी प्लेअर आहे तेथवर ते पोहोचविणे, हे शिक्षकाचे लहानसे पण मोलाचे कर्तव्य होय.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. मोबाइलमधील फाइल जशीच्या तशी डीव्हीडीवर उतरविली म्हणजे काम झाले, असे पुष्कळांना वाटते. मग मुले सतरंजीवर बसलेली, पालक जमलेले, आणि पडदा मात्र कोरा, असा प्रसंग ओढवतो. याचे कारण साधे आहे. मोबाइलमधील चित्रण बहुधा एमपी-फोर फाइलीत असते. साध्या प्लेअरला एमपेग-टू या स्वरूपातील चित्र लागते. पाल पद्धतीत त्याचे माप ७२० बाय ५७६ आणि गती सेकंदाला २५ चित्रे अशी ठरलेली आहे. शिवाय या फाइली एका विशिष्ट फोल्डरात, ठराविक मांडणीने असाव्या लागतात.

हे रूपांतर करण्यास डीव्हीडीस्टाइलरसारखा विनामूल्य प्रोग्राम पुरेसा आहे. ज्या संगणकात डीव्हीडी रायटर नसेल त्यास यूएसबीने बाहेरून जोडता येतो. प्रोग्राम उघडल्यावर पाल पद्धत निवडावी. चित्रण मोबाइल आडवा धरून केले असेल तर १६:९ हे प्रमाण घ्यावे. नंतर फाइली क्रमाने मांडून, कार्यक्रमांच्या नावांची एक सोपी यादी पडद्यावर दिसेल अशी व्यवस्था करावी.

एका साध्या डीव्हीडीची क्षमता ४.७ जीबी असते. पाटी तेवढीच असताना मजकूर अधिक लिहावयाचा, तर अक्षर बारीक काढावे लागते. तसेच येथेही घडते. दोन तासांचे चित्रण सेकंदाला सुमारे ५ मेगाबिट या प्रमाणात चांगले बसते. चार तासांचे कोंबल्यास चेहरे पुसट होतात. त्यापेक्षा दोन डीव्हीडी कराव्यात.

राइट करताना कमी वेग निवडावा आणि शेवटी डीव्हीडी 'फायनलाइज' होऊ द्यावी. त्याविना अनेक प्लेअर ती वाचत नाहीत. तयार झालेली डीव्हीडी संगणकावर चालली एवढ्यावर समाधान मानू नये. ज्या प्लेअरवर ती दाखवावयाची आहे त्यावरच, कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, अथपासून इतिपर्यंत पाहावी. नाव व वर्ष मऊ टोकाच्या मार्कर पेनने लिहावे, बॉलपेनने नव्हे. ऊन आणि ओरखडे यांपासून तिला जपावे.

तथापि डीव्हीडी झाली म्हणून मूळ फाइल पुसू नये. रूपांतरात चित्राचा बारीक तपशील कमी होतो, आणि डीव्हीडीही कालांतराने निकामी होऊ शकते. मूळ फाइलीच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्यात. तसेच मुलांचे चित्रण वाटण्यापूर्वी पालकांची संमती घ्यावी.

प्रत्येक शाळेने वर्षाला अशी एक तरी डीव्हीडी करावी आणि तिची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीत घ्यावी. शिक्षकाची बदली होते, मोबाइल त्याच्याबरोबर जातो. गावाचा ठेवा मात्र शाळेच्या कपाटातच राहिला पाहिजे.