पैस : नेवाशाच्या खांबाचा शब्द

अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी नेवासे आहे. शके 1212 मध्ये, म्हणजे इसवी सन 1290 मध्ये, ज्ञानेश्वरांनी इथे गीतेवर मराठीत भाष्य सांगितलं आणि सच्चिदानंदबाबांनी ते लिहून घेतलं. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वर बसत, अशी श्रद्धा आहे, त्याला म्हणतात पैसाचा खांब. खांबावरच्या संस्कृत लेखात करवीरेश्वराच्या दिव्याच्या तेलासाठी दिलेल्या दानाची नोंद आहे. त्यामुळे हा ‘पैस’ म्हणजे पैसा, असा अनेकांचा समज होतो. नाण्याशी त्याचा काही संबंध नाही.

पैस म्हणजे मोकळी, विस्तीर्ण जागा. संस्कृतातला ‘प्रदेश’ प्राकृतात ‘पएस’ झाला आणि मराठीत ‘पैस’. घरात पाहुणे आले की आपण म्हणतो, “बसा की ऐसपैस!” त्यातही तोच शब्द आहे. जागेचा हा शब्द पुढे मनाकडे वळला. विचारांचा पैस, कादंबरीचा पैस, गाण्याचा पैस. ‘व्याप्ती’ म्हटलं की मोजमाप आठवतं. ‘पैस’ म्हटलं की मोकळा श्वास. मला तरी हा शब्द फार मोलाचा वाटतो. दुर्गा भागवतांनाही या खांबाची ओढ होती. त्यांच्या ललित निबंधांच्या पुस्तकाचं नावच ‘पैस’ आहे, आणि त्याला 1971 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.