दहा रुपयांची कोंबडी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. शिक्षण सातवीपर्यंतचे. "तुम्ही कोंबड्यांवर बोला," असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मला हसूच आले. विणकाम, रांगोळी, पाककृती असे चांगले विषय सोडून कोंबड्या! पण त्या म्हणाल्या, "निम्मी वस्ती तुमच्या परसात डोकावून गेली आहे. ते सगळे एकदा नीट सांगा." म्हणून उभी राहिले. चुकले तर सांभाळून घ्या.

कोंबड्या आपल्याला नव्या नाहीत. चिखल्याला मँगनीजची खाण असली तरी भोवती धानाची शेते आहेत, आणि धान तिथे कोंबडी असायचीच. माझ्या माहेरी गावरान कोंबड्या होत्या. दिवसभर त्या आपले पोट आपणच भरीत आणि संध्याकाळी टोपल्याखाली झाकल्या की आमचे काम संपे. मी सांगणार आहे त्या कोंबड्या निराळ्या.

२०२० सालचा मार्च महिना आठवून पाहा. कोंबडी खाल्ल्याने करोना होतो अशी अफवा उठली होती. ती खोटी होती आणि सरकारनेही तसे सांगितले होते, पण भीतीपुढे ऐकतो कोण? भाव कोसळले. कोंबड्या पाळणाऱ्यांनी त्या मातीमोल विकल्या, काहींनी तर फुकट वाटल्या. अशात एक गाडी आमच्या रस्त्याने आली. अंडी कमी झाली म्हणून फार्मवरून काढलेल्या पांढऱ्या कोंबड्या तीत भरल्या होत्या. "दहा रुपयांना एक घ्या, कापून खा," गाडीवाला म्हणाला. मी पाच घेतल्या. खोटे कशाला सांगू, खायलाच घेतल्या. आमच्या घरी कोंबडी शिजते, आजही शिजते.

परसात सोडल्या तर एकही जागची हलेना. पाचही जणी एकमेकींना चिकटून उभ्या राहिल्या. तुरा फिका, मानेची पिसे झडलेली, नखे वाढून वळलेली, चोचीचे टोक कापलेले. सासूबाई दारात येऊन म्हणाल्या, "हे कोंबड्या आणल्या का भूत आणले?" हे म्हणाले, "हिच्यात हाडाशिवाय आहे काय? चार दिवस खाऊ घाल, मग पाहू." ते चार दिवस संपायच्या आत टाळेबंदी लागली, आणि कोंबड्या राहिल्या त्या राहिल्याच.

पुढे माझ्या भाचीने मला पुष्कळ माहिती वाचून दाखवली. ही कोंबडी लेगहॉर्न जातीची. साडेचार-पाच महिन्यांची झाली की ती अंड्यावर येते आणि वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देते. सगळ्या पाळीव कोंबड्यांचे मूळ तांबड्या रानकोंबडीत आहे, आणि ती रानात वर्षाला दहा-पंधराच अंडी घालते. म्हणजे हिच्या अंगातून किती काढून घेतले ते पाहा! पुष्कळ ठिकाणी तिला पिंजऱ्यात कागदाच्या एका पानाएवढीही जागा नसते. दीड वर्षाने अंडी कमी झाली की तिला काढतात. फार्मवाल्याला मी नावे ठेवीत नाही. दाणा महाग असतो आणि त्यालाही घर चालवायचे असते. पण कोंबडीचे आयुष्य तेव्हा संपलेले नसते. नीट ठेवली तर ती आणखी तीन-चार वर्षे सहज जगते.

आमच्या कोंबड्यांना माती उकरता येत नव्हती. मीच काडीने उकरून दाखवी आणि उदई दिसली की पुढे टाकी. दहाव्या की बाराव्या दिवशी त्यांतली एक राखेच्या खड्ड्यात बसली आणि पंख फडफडवून अंगभर धूळ उडवू लागली. हे तिला कुणी शिकवले? पिंजऱ्यात तर कधी माती पाहिली नव्हती! सासूबाईंनी मला चुलीपासून ओढत नेऊन ते दाखवले. गुडघ्यांमुळे त्या वर्षभर ओट्याखाली उतरल्या नव्हत्या. त्या दिवशी उतरल्या आणि रोज उतरू लागल्या. पाचही कोंबड्या सारख्याच दिसत, म्हणून त्यांनी एकेकीच्या पायात निराळ्या रंगाचा दोरा सैलसर बांधला. महिन्याभरात अंडीही मिळू लागली, कधी दोन, कधी तीन.

आता माझी चूक सांगते. त्याच वर्षी हिवाळ्यात एका रात्री पाहुण्यांच्या गडबडीत मी खुराड्याची कडी लावायला विसरले. सकाळी दोन कोंबड्यांची नुसती पिसे पडली होती. रानमांजराने नेल्या असाव्यात. सासूबाई एवढेच म्हणाल्या, "पिंजऱ्यात होत्या तर जगल्या. तुझ्या घरी मेल्या." त्या दिवशी मला जेवण गेले नाही. उरलेल्या तिघी कुणाला देऊन टाकाव्या असे मनात आले. पण दुसऱ्या दिवशी पाहते तो सासूबाई स्वतः खुराड्याशी बसून जाळीला तार आवळीत होत्या. मीही शेजारी बसले. तेव्हापासून माझी हात धुऊन अंथरुणावर पडण्याआधीची शेवटची फेरी खुराड्याकडे असते.

शेजारणीशीही एकदा बिनसले. कोंबड्यांनी तिच्या सांभाराचा वाफा उकरून टाकला. दोष माझाच होता. मी कुंपण घातले, वाफा पुन्हा पेरून दिला, आणि कुजवलेले कोंबडखत तिच्या वांग्यांना दिले. आज खताची आठवण मला तीच करून देते.

कुणाला हौस असेल तर चार गोष्टी ध्यानात ठेवा. एकटी कोंबडी आणू नका, ती कळपाचा जीव आहे. तीन तरी असाव्या. घरी आधीच्या गावरान असतील तर नव्यांना दोन-तीन आठवडे वेगळे ठेवा. मानमोडीची लस कधी द्यावी ते जनावरांच्या दवाखान्यात विचारा. खुराड्याची जाळी बारीक हवी, मुंगूस सापटीतूनही शिरते. दाणा एकदम बदलू नका. फार्मच्या दाण्यात कणी आणि कोंडा हळूहळू मिसळा. कवच पातळ येत असेल तर शिंपल्याचा चुरा द्या, नाहीतर अंड्याची टरफले भाजून, कुटून घाला. उन्हाळ्यात कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते. म्हणून सावली हवी, वर ओले बारदान आणि खाली माठाचे पाणी. खत दोन-तीन महिने कुजल्याशिवाय झाडाला घालू नका, मुळे जळतात. आणि ही कोंबडी सहसा खुडूक बसत नाही, तेव्हा पिलांची आशा धरू नका. अंड्यांसाठी कोंबडाही लागत नाही.

एक गोष्ट जपून सांगते. २००६ च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला. देशात कोंबड्यांमध्ये तो पहिल्यांदा तिथेच सापडला आणि लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. म्हणून कोंबड्या पटापट मरू लागल्या तर त्यांना हात लावू नका, दवाखान्याला कळवा. एरवीसुद्धा खुराड्यातून आले की साबणाने हात धुवा.

कुणी म्हणेल, ही रिकामटेकडी हौस. पण इंग्लंडात लोक भाजीपाल्यासाठी जमिनीचा लहान तुकडा भाड्याने घेतात, आणि तिथे धंद्यासाठी नव्हे, घरापुरत्या कोंबड्या पाळायला १९५० च्या कायद्यानेच मुभा दिली आहे. फार्मवरून काढलेल्या कोंबड्यांना घर मिळवून देणारी संस्थाही तिथे २००५ पासून आहे. आपल्याला तुकडा भाड्याने घ्यावा लागत नाही, परस दारातच आहे.

हिशेब विचाराल तर यात पैसा नाही. दाण्याचा खर्च वजा जाता चार अंडी घरात येतात, भाजी चांगली पिकते, एवढेच. पहिल्या पाचांतली शेवटची, लाल दोऱ्याची, २०२३ च्या पावसाळ्यात गेली. अंडी देणे तिने वर्षभर आधीच सोडले होते. ह्यांनी एकदा विचारले, "अंडी नाहीत, मग दाणा कशाला?" मी काही बोलण्याआधी सासूबाईच म्हणाल्या, "मी तरी आता काय कमावते?" हे मुकाट्याने उठले आणि दाण्याचा डबा घेऊन आले.

त्यानंतर आम्ही आणखी चार आणल्या आहेत. ज्यांना पाहायच्या असतील त्यांनी संध्याकाळी या. सासूबाई परसातच बसलेल्या असतात, सगळे दाखवतील.