शेवटच्या ताटापर्यंत पुरणारं कालवण

उमरी तालुक्यातल्या आमच्या बचत गटांकडून हे सांगणं.

आज आम्ही एका कालवणाविषयी बोलणार आहोत. ते मूळचं पोर्तुगाल देशाचं आणि तिथून आलं आपल्या शेजारच्या गोव्यात. नाव आहे फेजुआदा. पोर्तुगीज भाषेत घेवड्याच्या दाण्यांना फेजांव म्हणतात, त्यावरून हे नाव पडलं. राजम्यासारखे दाणे आणि थोडंसं मटण एकाच भांड्यात शिजवलेलं हे घट्ट कालवण आहे.

तुम्ही म्हणाल, परदेशी पदार्थ आपल्याला कशाला? पण बटाटा, पाव, काजू हे शब्द आपण रोज बोलतो, ते पोर्तुगीजांकडूनच आले. त्यांनी १५१० साली गोवा घेतला आणि १९६१ च्या डिसेंबरपर्यंत तिथे राज्य केलं. लाल मिरचीसुद्धा त्यांच्या जहाजांतून आपल्या देशात आली. आज आपल्या शेजारच्या धर्माबादची मिरची नावाजलेली आहे, ती परकी आहे असं कुणाला वाटतं का?

गोव्यात या कालवणात चौरिस घालतात. डुकराच्या मांसाला मीठ, लाल मिरची, लसूण, मसाले आणि व्हिनेगर लावतात, ते आतड्यात भरून बांधतात आणि उन्हात किंवा धुरावर वाळवतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात अशा चौरिसांच्या माळा टांगलेल्या दिसतात. पावसाळ्यात मासे मिळत नाहीत तेव्हा ही बेगमी उपयोगी पडते. वाळवून ठेवण्याची ही रीत आपल्या मराठवाड्यालाही ठाऊक आहे. अनेक घरांत मांसाच्या पट्ट्या मीठ-हळद लावून दोरीवर वाळवायचे, त्यांना चान्या म्हणतात. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलितांच्या खाण्यापिण्याचं लिहिलं आहे, त्यात असं वाळवणाचं मांस आलं आहे. गरिबाच्या घरात थोडं मांस पुष्कळ दिवस पुरवायचं, ही अक्कल दोन्हीकडे एकच.

आपल्या गटांत डुक्कर न खाणाऱ्या बाया आहेत, मटणच न खाणाऱ्याही आहेत. म्हणून आम्ही चौरिस बाजूला ठेवून त्याचा मसाला तेवढा घेतला. घरच्या घरी सॉसेज भरून वाळवायच्या भानगडीत मात्र पडू नका. मांस नीट वाळलं नाही तर ते विषारी होऊ शकतं.

आता मुद्द्याचं बोलू. घरात मटण आलं की काय होतं? तुकडे आधी पुरुषांच्या ताटात, मग लेकरांच्या. पाहुणा आला तर भांड्यात तांब्याभर पाणी वाढतं. सगळ्यांचं झाल्यावर जी बाई जेवायला बसते, तिच्या वाट्याला रस्सा आणि तळाची खरवड. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५४ बायांच्या अंगात रक्त कमी असल्याचं आढळलं. त्याची कारणं पुष्कळ आहेत, पण शेवटचं ताट हेही त्यातलं एक.

या कालवणात रस्सा वाढला तरी पळीत दाणे येतातच. पाव किलो राजम्यात साधारण पन्नास ग्रॅम प्रथिनं असतात. हाडासकट पाव किलो मटणात त्याहून कमी. शिवाय दाण्यांतलं लोह एरवी अंगाला कमी लागतं. सोबत थोडं मटण किंवा लिंबू असलं की ते जास्त लागतं. म्हणून ही जोडी चांगली.

सहा-सात माणसांसाठी लिहून घ्या. राजमा पाव किलो. मटण पाव किलो, बारीक तुकडे. तीन कांदे, तीन टोमॅटो, दोन बटाटे, आणि पानकोबी किंवा पालक जो मिळेल तो. मसाल्याला आठ सुक्या लाल मिरच्या, लसणाचा एक गड्डा, चमचाभर जिरं, दहा मिरे, चार लवंगा, दालचिनीचा तुकडा, हळद आणि दोन चमचे व्हिनेगर. व्हिनेगर नसेल तर लिंबाचा रस.

राजमा रात्री भिजत घाला. सकाळी ते पाणी फेकून द्या आणि नव्या पाण्यात शिजवा. इथे नीट लक्ष द्या. कच्च्या राजम्यात विष असतं. अर्धवट शिजला तर उलट्या-जुलाब होतात. कुकरमध्ये शिट्ट्या घेऊन मऊ झाला की धोका नाही. चुलीवर शिजवत असाल तर सुरुवातीला पंधरा-वीस मिनिटं खळखळ उकळू द्या, मगच जाळ कमी करा. नुसत्या मंद जाळावर ठेवून शेताला जाऊ नका.

मिरच्या गरम पाण्यात भिजवून बाकी मसाल्यासोबत वाटा. वाटणात मीठ आणि व्हिनेगर घालून मटणाला चोळा आणि तासभर झाकून ठेवा. मग तेलात कांदा लाल करा, मटण परता, पाणी घालून शिजवा. मटण मऊ झालं की बटाटे, टोमॅटो आणि शिजलेला राजमा पाण्यासकट घाला. आंबट आधी घातलं तर दाणे लवकर शिजत नाहीत, म्हणून राजमा वेगळाच शिजवायचा. दोन पळ्या दाणे चेचून परत भांड्यात टाका, कालवण आपोआप दाट होतं, येसर लागत नाही. शेवटी चिरलेली भाजी घालून दहा मिनिटं उकळा. ज्वारीची भाकरी कुस्करून खा.

माळकरी घरात मटणाऐवजी सोयाबीनच्या वड्या त्याच मसाल्यात मुरवा, वरून लसणाची फोडणी द्या आणि ताटात लिंबू पिळा. राजमा महाग वाटला तर चवळी घ्या, गोव्यातही चवळीच्या जातीचे अळसांदे खातात. ज्यांच्या घरी चान्या असतील त्यांनी त्या गरम पाण्यात भिजवून घालाव्यात, मीठ मात्र बेतानं टाकावं.

जेवणावर लगेच चहा घेऊ नका. चहामुळे लोह अंगाला कमी लागतं, तासभर जाऊ द्या. आणि डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या असतील तर त्या चालूच ठेवा, कालवण काही गोळ्यांची जागा घेत नाही.

आमच्या बैठकीत हे कालवण केलं तेव्हा एक मावशी म्हणाल्या, “अगं, दाणे कितीही घातलेस, तरी वाढणारीचा हात आखडतोच.” त्यांचं बोलणं खरं आहे. म्हणून आम्ही गटात एक ठरवलं आहे. पहिली पळी कुणालाही वाढायच्या आधी स्वतःची वाटी भरून, झाकून बाजूला ठेवायची. घरात म्हातारी सासू असेल, गरोदर सून असेल, तर तिचीही वाटी तेव्हाच भरायची. यासाठी कुणाशी भांडायचं नाही आणि कुणाची परवानगीही मागायची नाही. भांडं आपल्याच हातात असतं.

येत्या बाजारात पाव किलो राजमा आणा आणि पुढच्या बैठकीत सांगा, झाकलेली वाटी शेवटपर्यंत तुमचीच राहिली का.