अंगणातील हिरवळ आणि तण



पांढुर्णा-सौंसरच्या संत्राबागांतून आम्ही जी हरळी तण म्हणून खणून काढतो, तीच अंगणात हिरवळ होते आणि दूर्वा म्हणून गणपतीला वाहिली जाते. तात्पर्य, नको त्या जागी उगवते ते तण.

हिरवळीचे वैरी मुख्यतः दोन. लव्हाळा नुसता उपटून जात नाही. जमिनीतील गाठीतून पुन्हा फुटतो. तो ओलीवर खुरप्याने गाठीसकट काढावा. दुसरे गाजरगवत. १९५५ च्या सुमारास पुण्यात नजरेस आलेल्या या गवताने अंगाला खाज सुटते, दमाही बळावतो. मुले खेळतात तेथून ते फुलण्यापूर्वीच, हातमोजे घालून, मुळासकट उपटावे. एकेका झाडाचे बी हजारोंनी पडते आणि ते कुंपण मानीत नाही. म्हणून पावसाळ्यात आपण शेजारीपाजारी मिळून एकदमच हे काम करू या, एवढीच विनंती.