बर्फाखालचे आमिष

कामगार संघटनेचा मनुष्य अमेरिकेतल्या मासेमारीवर काय बोलणार, असे आपणांस वाटेल. पण मिनेसोटातला कामगारही हिवाळ्यात सुटीच्या दिवशी गोठलेल्या सरोवराला भोक पाडून गळ टाकून बसतो. त्याच्यापुढचा प्रश्न असा की, आमिष जिवंत लावावे की धातूचे?

पाणी ४ अंश सेंटिग्रेडला सर्वांत जड असते. म्हणून वर बर्फ आणि तळाशी तेवढीच काय ती ऊब. माशाचे अंग पाण्याइतकेच थंड, भूक मंद. तो पाठलाग करीत नाही. चकाकता पत्रा हाताने हलवला, तर लांबचा मासा जवळ येतो खरा, पण तोंड लावायला कुरकुरतो. जिवंत मासोळी आपणहून वळवळते, शिवाय तिला वास असतो. कडाक्याच्या थंडीत माझे मत तिलाच.

अडचण आहे उरलेल्या बादलीची. ती सरोवरात ओतली, तर परके मासे आणि रोग साऱ्यांच्या पाण्यात शिरतात. मिनेसोटात तसे ओतणे बेकायदा आहे. नॉर्वेत तर जिवंत मासा गळाला लावण्यासच बंदी आहे. उरलेले आमिष कचऱ्यात टाकण्याइतके कष्ट ज्याला नकोत, त्याने मुकाट्याने पत्राच घ्यावा.