मुंबई कुणाला थारा देते?

लोक मुंबईत का येतात, याचे उत्तर ठरलेले असते : इथे कुणी उपाशी मरत नाही. पण ही किमया केली कुणी? रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडचे गडी एकटेच गिरणीत आले. लालबाग-परळच्या खोल्यांत पाळीपाळीने झोपले. त्यांना दोन वेळा जेवू घातले ते खाणावळवालीने. पैसे पगार झाल्यावर. तोवर ती स्वतः सावकाराच्या व्याजात. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले, बँकेची कर्जे मिळवून दिली, तेव्हा कुठे हा फास सैल झाला. १९८२ च्या संपात गड्याचा पगार थांबला तशी हिचीही कमाई थांबली. संपाच्या इतिहासात मात्र ती तोंडी लावण्यापुरतीच.

आता एकटी बाई इथे का येते? नव्याने आलेल्या बायकांना मी हे नेहमी विचारते. हातात स्वतःचा पैसा, हे पहिले. दुसरे, लोकलच्या बायकांच्या डब्यात जात न विचारता सरकून चौथी सीट देणारी कुणीतरी. रात्री दहाला एकटीने परतता येते. गावात यातले काय होते? पण खोली बघायला गेली की प्रश्न येतो, "नवरा कुठंय?" वसतिगृहे नोकरदारणींनाच पुरत नाहीत, धुणीभांडी करणारीला कोण घेणार?

गड्याचे एका वळकटीवर भागले. बाईला तिच्या नावाची भाडेपावती हवी. महापालिकेला द्यायच्या निवेदनात मला हे कलम पहिले हवे आहे, शेवटचे नको.