सीमाशुल्क दिनाचा मानकरी



२६ जानेवारी १९५३ रोजी ब्रुसेल्स येथे १७ युरोपीय देशांच्या सीमाशुल्क सहकार्य परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. त्या स्मरणार्थ आंतरराष्ट्रीय सीमाशुल्क दिन पाळला जातो. भारतात त्याच दिवशी प्रजासत्ताक दिन असल्याने हा समारंभ बहुधा २७ जानेवारीस होतो.

समुद्र येथून दूर असला, तरी सीमाशुल्क अधिकाऱ्याचे कार्य या शहराला परके नाही. वाळूजच्या कारखान्यांतील माल त्याच्या मंजुरीवाचून परदेशी जात नाही. त्याच्या शिक्क्यामागे महसुलाबरोबरच देशाचा विश्वासही उभा असतो.

तो विश्वास ढळला म्हणजे काय घडते, हे महाराष्ट्राने १९९३ साली अनुभवले. रायगड जिल्ह्यातील शेखाडीच्या किनाऱ्यावर स्फोटके उतरली आणि १२ मार्च रोजी मुंबईत २५७ जणांचे प्राण गेले. पुढे २००६ साली विशेष न्यायालयाने या खटल्यात काही सीमाशुल्क अधिकाऱ्यांनाही दोषी ठरविले.

याउलट, प्रलोभन नाकारून रात्रभर पहारा देणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव सहसा कोणाच्या कानी येत नाही. कारण त्याच्या दक्षतेने अनर्थ घडतच नाही. या दिनाचा खरा मानकरी तोच होय.